एकुलती एक प्रत

१९६९ साली चित्रकार अकबर पदमसी यांनी मुंबईत एक रंगीत लघुपट केला. त्यात नट नव्हते, गोष्ट नव्हती, निवेदन नव्हते. होते ते फक्त सरकणारे आकार, रंगीत प्रकाश आणि गीता साराभाई यांचे इलेक्ट्रॉनिक संगीत. चित्रपटाचे नाव ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. त्याची एकच प्रत होती. ती दिल्लीतल्या एका प्रदर्शनासाठी पाठवली गेली आणि हरवली. पुढची चाळीसहून अधिक वर्षे हा चित्रपट फक्त त्याच्या कर्त्याच्या आठवणीत राहिला. आपल्याकडे संगीतावर रचलेल्या अमूर्त चित्रपटाचा इतिहास सांगायला बसले की असा पहिलाच मोठा ऐवज जागेवर सापडत नाही.

तरीही हा इतिहास सांगायला हवा. चित्रपट म्हणजे गोष्ट, हे आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की रेषेला आणि रंगाला पडद्यावर स्वतःच्या बळावर नाचता येते, याचा आपल्याला विसरच पडला आहे. तशी सुरुवात तर दादासाहेब फाळके यांनीच केली होती. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी, १९१२ साली, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली आणि महिन्याभराची वाढ पडद्यावर क्षणांत दाखवली. पुढे ‘आगकाड्यांची मौज’ या लहानशा चित्रपटात त्यांनी काड्या एकेक फ्रेम टिपत हलवल्या. फाळक्यांना त्यातून कॅमेऱ्याची जादू दाखवायची होती, अमूर्त कलेशी त्यांचा संबंध नव्हता. पण आगकाडी ही शेवटी एक सरळ रेषाच. आपल्या चित्रपटसृष्टीच्या अगदी पाळण्यात अशी एक हलणारी रेषा होती, एवढे लक्षात ठेवू.

युरोपात ही रेषा चित्रकारांच्या हाती पडली. वाल्टर रूटमान यांचा ‘ओपस १’ हा चित्रपट १९२१ सालचा. व्हायकिंग एगेलिंग यांचा ‘सिंफनी डायगोनाल’ १९२४ चा. नावांतच संगीत आहे. ओस्कार फिशिंगर यांनी १९३० च्या आसपास कागदावर कोळशाने काढलेल्या हजारो चित्रांतून संगीताच्या तुकड्यांवर नाचणारे आकार उभे केले. डिस्नेच्या ‘फँटेशिया’त (१९४०) बाखच्या रचनेवरच्या अमूर्त भागासाठी त्यांनी काम केले, पण त्यांच्या कल्पना इतक्या बदलल्या गेल्या की ते मध्येच बाहेर पडले. कॅनडात नॉर्मन मॅकलरेन थेट फिल्मवरच रंगवत आणि ओरखडत. १९४९ च्या ‘बिगॉन डल केअर’मध्ये त्यांनी आणि एव्हलिन लँबार्ट यांनी ऑस्कर पीटरसनच्या जॅझ पियानोला तसे रंगरूप दिले. याच मॅकलरेनना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला युनेस्कोने शिकवण्यासाठी भारतात पाठवले होते.

संगीतावर चित्र रचायचे म्हणजे आधी संगीत मोजायचे. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. तीनतालाच्या सोळा मात्रा घ्या आणि लय मिनिटाला साठ मात्रांची धरा. एका मात्रेला २४ फ्रेम, म्हणजे आवर्तनाला ३८४. लय दुप्पट केली, मिनिटाला १२० मात्रा, की आवर्तन १९२ फ्रेममध्ये बसते. त्या साठच्या लयीत दुगुन वाजली तर प्रत्येक बोलाला १२ फ्रेम येतात, तिगुनीला ८, चौगुनीला ६. २४ हा आकडा फार उदार आहे, २, ३, ४, ६, ८ या सगळ्यांनी त्याला भाग जातो. तबल्याच्या पाचपटीला मात्र तो दाद देत नाही. तिथे कुठे पाच, कुठे चार अशी वाटणी करावी लागते, आणि सम चुकू नये म्हणून मागचा-पुढचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. दोन-तीन फ्रेमची चूक झाली तरी आघात आणि आकार एकमेकांना भेटत नाहीत, आणि तालाची सवय असलेल्या कानाला ते लगेच खटकते. हे गणित नीट जुळले की एक वेगळेच सुख मिळते: डोळा समेची वाट पाहू लागतो.

भारतात हे गणित शिकवणारी पहिली मोठी जागा सरकारी होती. १९४८ साली सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये मुंबईत कार्टून विभाग काढला. तिथे शिकवायला आले क्लेअर वीक्स. ‘स्नो व्हाइट’ आणि ‘बांबी’ यांवर काम केलेले हे डिस्नेचे चित्रकार. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुणांत राम मोहन होते. जातककथेवरचा ‘द बन्यन डीअर’ (१९५७) हा त्या विभागाचा सुरुवातीचा महत्त्वाचा चित्रपट. पुढची बहुतेक वर्षे कुटुंबनियोजन, आरोग्य, अल्पबचत अशा विषयांवर गेली. पण विषय ठरलेला असला तरी हात तयार होत होते.

संगीताची बाजू तिथे विजय राघव राव सांभाळत. ते बासरीवादक, पंडित रविशंकरांचे शिष्य. त्या काळच्या मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये रविशंकरांची ‘किन्नर’ ही संगीतशाळा होती आणि त्याच आवारात चित्रकारांचे स्टुडिओ होते, नाट्यदिग्दर्शक अल्काझींच्या नाटकांच्या तालमी होत्या. एका जिन्यावर सतार आणि टर्पेन्टाइन भेटत होते, असे म्हटले तर ते वर्णन खरे ठरेल. चित्रकार, वादक आणि दिग्दर्शक एकमेकांच्या कामात डोकावत होते, आणि पुढे जे झाले त्याची मुळे मला याच शेजारात दिसतात. १९६७ साली एम. एफ. हुसेन यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ केला. संवाद नाहीत, सोबत विजय राघव रावांचे संगीत. बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटाचे सुवर्ण अस्वल मिळाले. १९६५ ते १९६७ या काळात युनेस्कोतून आलेले जाँ भावनगरी डिव्हिजनचे मुख्य सल्लागार होते आणि असे धाडस करू देण्याची मोकळीक त्यांनी आणली होती.

त्या मोकळिकीचा सर्वांत जास्त उपयोग केला तो प्रमोद पती यांनी. ओडिशातून आलेले पती चेकोस्लोव्हाकियात बाहुलीपट शिकून आले होते. त्यांचा ‘एक्स्प्लोरर’ (१९६८) जेमतेम सात मिनिटांचा. एक शब्द नाही. तरुण चेहरे, धार्मिक चिन्हे, यंत्रे, चमकणारे आकार हे सगळे इतक्या वेगाने एकमेकांवर आदळते की अर्थ लावायला सवड मिळत नाही. ते कानासारख्या डोळ्यांनी घ्यावे लागते. ‘आबिद’ (१९७२) मध्ये तर त्यांनी चित्रकार आबिद सुरती यांनाच एकेक फ्रेम टिपत हलवले. माणूसच रंगाबरोबर, ठेक्याबरोबर उड्या मारू लागतो. काटेकोर अर्थाने हे शुद्ध अमूर्त चित्रपट नव्हेत. पण गोष्टीऐवजी लयीने चित्रपट बांधता येतो, हे पतींनी सरकारी पैशाने सिद्ध केले. १९७५ मध्ये, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, ते गेले. त्यांना आणखी वीस वर्षे मिळायला हवी होती.

इथे गोंदियाच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगतो. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट दाखवणे देशातल्या प्रत्येक चित्रपटगृहावर परवान्याच्या अटीनेच बंधनकारक होते. मुख्य चित्रपटाआधी वृत्तचित्र आणि लघुपट लागायचेच. त्यामुळे त्या प्रतींची वाट मुंबईच्या पेडर रोडवरून निघून गोंदियासारख्या जंक्शनच्या गावातल्या टॉकीजपर्यंत येत होती. सक्तीवर कितीही टीका होवो, एका चित्रपटाच्या अनेक प्रती निघत होत्या आणि त्या देशभर पसरत होत्या. म्हणूनच ‘एक्स्प्लोरर’ आज पाहायला मिळतो. पदमसींच्या चित्रपटाला अशी वाट नव्हती.

पदमसी १९२८ चे, मुंबईच्या खोजा कुटुंबातले. सर ज. जी. (जे. जे.) कला महाविद्यालयात शिकले, १९५१ मध्ये पॅरिसला गेले. १९५४ साली जहांगीर कलादालनातल्या त्यांच्या ‘लव्हर्स’ या चित्रांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते तो जिंकले. १९६९ साली त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. एखाद्याने त्या पैशात निवांत चित्रे काढली असती. पदमसींनी नेपियन सी रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये कार्यशाळा उघडली: व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप. १६ मिलिमीटरचा कॅमेरा, अॅनिमेशनचे साहित्य, छायाचित्रांसाठी डार्करूम, एचिंगचे यंत्र. चित्रकार, छायाचित्रकार, दिग्दर्शक, अॅनिमेटर यांनी यावे, एकमेकांची साधने हाताळावीत, हा हेतू. दिग्दर्शक कुमार शहानी तिथे येत. नुकत्याच जे. जे.तून बाहेर पडणाऱ्या नलिनी मलानी तिथे काम करत. आपल्या वाट्याचा निधी इतरांच्या शोधासाठी मोकळा करून देणे ही मला पदमसींच्या चित्रांइतकीच मोठी गोष्ट वाटते.

त्यांचा पहिला चित्रपट ‘सिझिजी’. सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात त्या स्थितीचे हे नाव. कृष्णधवल, सुमारे अकरा मिनिटांचा. चित्रकार पॉल क्ले यांच्या टिपणवह्यांचा पदमसींवर खोल परिणाम होता. बिंदू चालू लागला की रेषा होते, हा क्लेंचा धडा त्यांनी शब्दशः घेतला. संख्यांच्या एका योजनेवरून बिंदू ठरवायचे, ते जोडायचे, त्यातून पुढची आकृती निघू द्यायची, अशी ही पद्धत. अशी जवळजवळ हजार रेखाटने झाली आणि ती हलती केली राम मोहन यांनी. अकरा मिनिटे म्हणजे पंधरा हजारांहून जास्त फ्रेम. म्हणजे सरासरीने एक रेखाटन पंधरा-सोळा फ्रेम, सेकंदाच्या साधारण दोन तृतीयांश वेळ पडद्यावर राहते. कोणते किती थांबवायचे यातच सगळी कला. त्याच सुमारास मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’मधला व्यंगचित्राचा तुकडाही राम मोहन यांनीच केला होता. तिथे हसवणारा हात इथे भूमितीशी बोलत होता. आपण राम मोहन यांना ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’मुळे ओळखतो, पण ‘सिझिजी’ त्यांच्या नावाबरोबर क्वचितच घेतला जातो. घ्यायला हवा.

‘सिझिजी’ मूक आहे. तरी तो मी संगीताच्या इतिहासातच ठेवीन. आलाप-जोडाचा जो क्रम असतो, थोड्या स्वरांतून हळूहळू वाढत जाणारी रचना, तो तिथे रेषांत आहे. बिंदू वाढतात, जाळे दाट होते, विरते. ताल ऐकू येत नाही, दिसतो.

दुसरा चित्रपट, ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’, मात्र रंगाचा आणि ध्वनीचा. पदमसींनी आपलेच एक तैलचित्र, एक निसर्गदृश्य, आधाराला घेतले. त्याच्या आकारांची कापलेली स्टेन्सिल, त्यावर रंगीत जिलेटिनमधून सोडलेला प्रकाश, एकावर एक प्रतिमा. चित्रकाराच्या टेबलावर जो रंग ओला असताना मिसळतो, तो इथे प्रकाशात मिसळत होता. नावातले ‘क्लाउड चेंबर’ हे पदार्थविज्ञानातले उपकरण. सी. टी. आर. विल्सन यांनी ते बनवले आणि १९२७ चे नोबेल मिळवले. बाष्पाने भरलेल्या पेटीतून अदृश्य कण जातो आणि मागे धुक्याची बारीक रेघ सोडतो. कण दिसत नाही, त्याचा माग दिसतो. अमूर्त चित्रपटाला याहून नेमके नाव मला सुचत नाही.

गीता साराभाई यांच्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. अहमदाबादच्या साराभाई घराण्यातल्या या मुलीने पखवाज शिकला, तोही अशा काळात जेव्हा बाईने पखवाजाला हात लावणे जवळजवळ अशक्य होते. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला पाश्चात्त्य संगीत शिकायला गेल्या आणि अमेरिकी संगीतकार जॉन केज यांना भेटल्या. देवाणघेवाण ठरली: केजनी त्यांना काउंटरपॉइंट शिकवायचा, त्यांनी केजना भारतीय संगीत. संगीत मनाला शांत करण्यासाठी, ईश्वरी प्रभाव घेण्याजोगे करण्यासाठी असते, हा विचार केज यांना गीताबेनकडूनच मिळाला आणि तो त्यांनी आयुष्यभर आदराने सांगितला. विसाव्या शतकातल्या अमेरिकी संगीताच्या एका मोठ्या वळणावर एक पखवाजी बाई उभी आहे, हे आपल्या संगीतप्रेमींनाही फारसे ठाऊक नसते.

१९६९ मध्येच केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर घेऊन आले. तिथे देशातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. त्यात काम करणाऱ्या संगीतकारांत गीता साराभाईही होत्या. १९७२ नंतर तो स्टुडिओ थांबला आणि टेप कपाटात पडून राहिल्या. त्या २०१७ मध्ये पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताला सापडल्या आणि २०२३ मध्ये ध्वनिमुद्रिका म्हणून बाहेर आल्या. पण पदमसींच्या चित्रपटाला तसे कपाटही लाभले नाही.

पदमसींच्या कार्यशाळेच्या त्या फ्लॅटमधून निघालेले आणखी एक नाव नलिनी मलानी यांचे. १९६९ चा त्यांचा ‘ड्रीम हाउसेस’. पुठ्ठ्याची वास्तुरूपे त्यांनी स्वतः बांधली, त्यांवर रंगीत फिल्टरमधून प्रकाश टाकला, एकेक फ्रेम टिपत, एकावर एक छाप घेत चित्रपट केला. लाल, निळे, पिवळे चौकोन एकमेकांतून जातात आणि घर हे फक्त प्रकाशाचे राहते. नव्या देशात सगळ्यांना घर मिळेल, या तेव्हाच्या आशेतून तो आला होता. १९७६ मध्ये त्यांनी दुसरा, कृष्णधवल चित्रपट केला: उंच इमारतीतून खालच्या वस्तीकडे पाहणारी एक तरुणी. दोन्ही शेजारी शेजारी लावले की त्याला ‘युटोपिया’ म्हणतात. मलानींनी आपले रीळ जपले. म्हणून ते आज जगभरच्या संग्रहालयांत दिसते. २०१८ पासून त्या आयपॅडवर बोटाने अॅनिमेशन काढत आल्या आहेत, आणि २०२३ मध्ये त्यांना क्योतो पुरस्कार मिळाला. नेपियन सी रोडवरच्या त्या फ्लॅटमधली गोष्ट संपलेली नाही, याचा हा पुरावा.

कार्यशाळा १९७२ मध्ये बंद झाली. फेलोशिप सरली, आणि अशा कामाला पुढे पैसा देणारे कोणी नव्हते. पदमसी कॅनव्हासकडे वळले. पण चित्रपटातले आकाश त्यांच्या ‘मेटास्केप’ मालिकेत आले, सूर्य आणि चंद्र एकाच चित्रात. त्यामागे ‘शाकुंतला’च्या नांदीतली काळाच्या नियंत्यांची कल्पना होती.

२०१६ साली दोन गोष्टी घडल्या. सप्टेंबरमध्ये त्यांचे १९६० चे ‘ग्रीक लँडस्केप’ लिलावात सुमारे १९ कोटी रुपयांना गेले. आणि त्याच वर्षी अशीम अहलुवालिया (‘मिस लव्हली’चे आणि पुढे ‘डॅडी’चे दिग्दर्शक) यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन हरवलेला ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न केला आणि त्यावरच त्या नावाचा माहितीपट काढला. १९६९ चा तोच चित्रपट परत येणे शक्य नव्हते. आठवणीवरून केलेला नवा चित्रपट तयार झाला. पदमसी ६ जानेवारी २०२० रोजी वारले. राम मोहन त्याआधी तीनच महिने, ऑक्टोबर २०१९ मध्ये गेले होते.

कॅनव्हासला बाजार होता म्हणून तो जपला गेला, सरकारी लघुपटाला शेकडो टॉकीज होत्या म्हणून तो टिकला. चित्रकाराचा चित्रपट दोन्हींच्या मध्ये पडला. कलादालनाला तो चित्र वाटला नाही, चित्रपटगृहाला तो चित्रपट वाटला नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून उभे होते, पण हे रीळ तिथे पोचले नाही. दोष एका माणसाचा किंवा एका टपालाचा नाही. अशी वस्तू जपण्याजोगी आहे, हेच तेव्हा कोणाला वाटत नव्हते.

आज एकेक फ्रेम काढून ती ठेक्यावर बसवायला कार्यशाळा लागत नाही, हातातला फोन पुरतो. म्हणून झाडीपट्टीतल्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना माझे सांगणे आहे: एका आवर्तनाचा ठेका घ्या, त्याच्या फ्रेम मोजा आणि त्यावर एक रेषा चालवून पाहा. गोंदिया, आमगाव, तिरोडा, देवरी इथल्या शाळा-महाविद्यालयांनी वर्षातून एकदा तरी ‘एक्स्प्लोरर’ मुलांना दाखवावा. आणि ज्यांच्या घरी, शाळेत किंवा बंद पडलेल्या टॉकीजमध्ये जुन्या रिळांचे डबे असतील, त्यांनी ते भंगारात घालू नयेत. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजू लागली आहे असे समजावे. इथला उन्हाळा आणि इथला पावसाळा, दोन्ही तिचे शत्रू आहेत. तिला थंड, कोरड्या जागी ठेवा, पुण्याच्या संग्रहालयाला कळवा, आणि हातात आलेल्या कोणत्याही कामाची दुसरी प्रत करून ठेवा.